पिशवी घ्या, इटली बघा: बोलोन्या, पादोवा, पालेर्मो

पिशवीवाली
मंडळी,
मागच्या दिवाळीत मी इथेच विचारलं होतं, "सोळा रात्रींत इटली कशी बसवावी?" तुम्ही भरभरून उत्तरं दिलीत. रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस, पिसा, मिलान, जमलंच तर कोमो. ती यादी मी इमानेइतबारे वहीत उतरवून घेतली आणि त्यातलं एकही गाव केलं नाही. तेव्हा आधी कान पकडते.

कारणं दोन. पहिलं म्हणजे नवऱ्याचा गुडघा. दर दोन दिवसांनी बॅगा उचलून स्टेशन गाठणं त्याला मानवत नाही. दुसरं म्हणजे माझी खोड. कुठल्याही गावात गेलं की मला आधी मंडई लागते. मडगाव असो की कोल्हापूरची लक्ष्मीपुरी, देऊळ नंतर, भाजी आधी. मग ठरवलं की तीनच शहरं करायची. मंडईपासून चालत दहा मिनिटांच्या आत स्वयंपाकघर असलेलं घर घ्यायचं. सकाळी पिशवी घेऊन बाहेर पडायचं, दुपारी घरी रांधायचं, संध्याकाळी गुडघा म्हणेल तेवढं फिरायचं. बोलोन्यात सहा रात्री, पादोव्यात चार, पालेर्मोत सहा.

सुरुवातच फसली. २४ एप्रिलला रात्री उशिरा बोलोन्यात पोचलो आणि सकाळी उत्साहाने पिशवी घेऊन निघाले, तर मंडईचं दार बंद. २५ एप्रिल हा इटलीचा मुक्तिदिन. फॅसिस्ट राजवट आणि जर्मन फौजा यांच्यापासून देश सुटला त्याची राष्ट्रीय सुट्टी. सगळं गाव चौकात गाणी म्हणत होतं आणि आमच्याकडे घरमालकाने ठेवलेली कॉफी, मिठाचा अर्धा पुडा आणि पुण्याहून नेलेलं भडंग. दुपारी नवरा एवढंच म्हणाला, "मंडई छान आहे हं तुझी."

बोलोन्यात बाजार दोन. एक क्वाद्रिलातेरो, म्हणजे मुख्य चौक पियात्सा माज्जोरेच्या पाठीमागच्या अरुंद गल्ल्या. आपल्याकडे तांबट आळी, बुरुड आळी असायची तशी तिथे जुन्या मासेवाल्यांची गल्ली, कापडवाल्यांची गल्ली, सोनारांची गल्ली. नावं मध्ययुगापासूनची, पण आता बरीचशी दुकानं पर्यटकांसाठी सजलेली. बघायला जरूर जा. मात्र रोजची भाजी आणायची तर दुसरा बाजार, मेर्कातो देल्ले एर्बे. हा १९१० सालचा, छताखालचा. व्हिया उगो बास्सीवरून आत शिरलं की मधोमध भाजी-फळांचे गाळे आणि कडेने चीज, मांस, पाव. इथे मी चार दिवस एकाच बाईकडे गेले. साठीची असेल, हातात मोठाले मोजे.

पहिल्या दिवशी मी सवयीने टोमॅटो उचलून दाबून बघितला. "नो, नो, सिन्योरा!" अख्ख्या गाळ्याने माझ्याकडे बघितलं. तिथे मालाला हात लावायचा नसतो, निवडून तीच देणार. मनात म्हटलं, म्हणजे तळाचे मऊ माझ्या पिशवीत. पण तिने विचारलं, "सॅलडला की सॉसला?" मला कळेना, तर तिने एका हाताने चिरल्यासारखं आणि दुसऱ्याने ढवळल्यासारखं करून दाखवलं. मी चिरायची खूण केली. तिने लालभडक बाजूला सारले आणि अर्धवट हिरवे, खाचाखाचांचे टोमॅटो दिले. मला वाटलं फसवलं. घरी येऊन चिरले, मीठ आणि ऑलिव्हचं तेल घातलं, आणि दोघांनी वाडगं पावाने पुसून खाल्लं.

दुसऱ्या दिवशी अ‍ॅस्परॅगस. तिसऱ्या दिवशी पैसे देऊन वळणार तेवढ्यात तिने थांबवलं आणि सेलरीची एक काडी, एक गाजर आणि पार्स्लीची मूठ पिशवीत कोंबली. पैसे? नाही. "ओदोरी," म्हणाली. ओदोरी म्हणजे शब्दशः वास. त्यांच्या फोडणीचं सामान. आपल्याकडे नेहमीच्या गिऱ्हाइकाला दोन मिरच्या आणि कोथिंबिरीच्या चार काड्या वर टाकतात, तेच! मला इतका आनंद झाला की ते गाजर बारीक चिरून तेलात परतून मुगाच्या खिचडीत घातलं. चांगली लागली नाही. पण घातलं.

चालताना दिसलेली एक गोष्ट. दुकानाच्या काचेआड बायका शेवया-पास्त्याची पोळी लाटत असतात. त्यांना स्फोलीना म्हणतात. लाटणं जवळजवळ मीटरभर लांब, पोळपाट टेबलाएवढा. शंभर ग्रॅम पिठाला एक अंडं हा हिशोब, पाण्याचा थेंब नाही. पोळी लाटता लाटता टेबलाच्या कडेवरून खाली सोडतात, तिच्याच वजनाने ती ताणली जाते. मांडे करणाऱ्या बाईचा हात ज्यांनी बघितलाय त्यांना काय म्हणतेय ते कळेल. आणि तिची जी तालियातेल्ले कापतात, तिची शिजल्यावरची रुंदी ८ मिलिमीटर हवी असं १९७२ साली तिथल्या व्यापारी मंडळात रीतसर नोंदवलंय, सोन्याचा नमुना करून. अस्सलपणाच्या बाबतीत पुणेकरांना कुणीतरी भेटलं एकदाचं.

नवऱ्याची आवडती जागा मात्र ओस्तेरिया देल सोले. क्वाद्रिलातेरोच्या एका बोळात, १४६५ पासून चालू आहे म्हणतात. तिथे फक्त पेय मिळतं, खाणं तुमचं तुम्ही आणायचं. बाजारातून चीज, पाव, ऑलिव्ह घ्यायचे, लाकडी बाकावर कागद पसरायचा आणि शेजारच्या म्हाताऱ्यांचा पत्त्यांचा डाव बघायचा. पाऊस आला तरी चिंता नाही, या गावात ६२ किलोमीटर ओसऱ्या आहेत, कमानींच्या. छत्री न उघडता घरी.

शेवटच्या दिवशी त्या भाजीवाल्या बाईंना सांगितलं, उद्या पादोवा. तिने असं तोंड केलं, जसं कोल्हापूरकराला पुण्याच्या मिसळीबद्दल विचारावं.

पादोव्याबद्दल थोडक्यात. जुन्या न्यायालयाची प्रचंड इमारत, पालात्सो देल्ला राजोने, १२१८ सालची. तिच्या एका अंगाला भाजीचा चौक, दुसऱ्या अंगाला फळांचा, आणि पोटाखाली मांस-चीज-माशांच्या दुकानांची रांग. वर कोर्ट, खाली बाजार, अशी आठशे वर्षं. एका कमानीपाशी दगडात जुनी मापं कोरलेली आहेत: विटेचं, कौलाचं, धान्याचं, कापडाच्या हाताचं. वाद झाला तर जा आणि ताडून बघा. वरच्या दिवाणखान्यात काळा दगड आहे. कर्ज बुडवणाऱ्याला नुसत्या सदऱ्या-चड्डीवर त्या दगडावर तीनदा आपटून बसवायचे, आणि त्याने सगळ्यांदेखत "माझी मालमत्ता सोडली" म्हणायचं. मग तुरुंग नाही, पण गाव सोडून जायचं. नवऱ्याने आमच्या सोसायटीच्या थकबाकीदारांची नावं तिथेच म्हणून दाखवली.

पादोव्यात बघायचं असेल तर दुपारी दोनला जा. गाळे उचलले जातात, झाडूवाल्या गाड्या येतात, दगड धुतले जातात आणि जिथे कोबीची पानं पडली होती तिथे तासाभरात खुर्च्या-टेबलं. संध्याकाळी विद्यापीठाची सगळी पोरं तिथे केशरी पेल्यांसकट. १ मेला इथेही सगळं बंद, पण तोवर शहाणपण आलं होतं. ३० तारखेलाच पांढरा अ‍ॅस्परॅगस आणि अंडी आणून ठेवली आणि महाराष्ट्र दिन त्यावर साजरा केला. जोत्तोची चित्रं असलेलं स्क्रोव्हेन्यी चॅपलही केलं, नाहीतर नवरा घरी आला नसता. आगाऊ आरक्षण लागतं, आत जेमतेम पंधरा मिनिटं देतात.

मग विमानाने पालेर्मो. आणि इथे माझी इटलीची कल्पना पार मोडली. बाल्लारो बाजाराला छप्पर नाही, दार नाही, रांग नाही. डोक्यावर लाल-हिरव्या ताडपत्र्या, त्यामुळे माशांचा रंगही लालसर दिसतो. विक्रेते ओरडतात म्हणणं अपुरं आहे, ते गातात. तान घेतात, शेवटचा स्वर ओढतात, पलीकडचा त्याच सुरात उत्तर देतो. या आरोळीला आब्बानियाता म्हणतात. आपल्याकडच्या "आलेऽऽ लिंबू" ची आठवण येते, पण इथे जुगलबंदी.

पानेल्ले तिथे खाल्ले. हरभऱ्याच्या डाळीचं पीठ पाण्यात कालवून पिठल्यासारखं घोटायचं, मीठ-पार्स्ली घालायची, आणि गरम असतानाच पातळ थापायचं. इथपर्यंत सुरळीची वडीच. मग गार झाल्यावर तुकडे कापून तळायचे, तिळाच्या पावात भरायचे, वर लिंबू. मी उभ्या उभ्या दोन खाल्ले. बेसनाचं पोरगं असं परमुलखात भेटलं, आणि तेही पावात!

उकडलेले आर्टिचोक, भाजलेले अख्खे कांदे, उकडलेले बटाटे तयारच विकत मिळतात, त्यामुळे पालेर्मोत मी फारसं रांधलं नाही. वुच्चिरियाला गेलो आणि हिरमुसलो. एके काळचा सर्वांत गजबजलेला बाजार. रेनातो गुत्तुसोने १९७४ साली त्याचं मोठं चित्र काढलं, ते तिथल्या पालात्सो स्तेरीमध्ये आहे. पालेर्मोत म्हण आहे, "वुच्चिरियाच्या फरश्या वाळतील तेव्हा", म्हणजे कधीच नाही, कारण माशांच्या बर्फाने त्या सतत ओल्या. आम्ही सकाळी दहाला गेलो. दोन-चार गाळे आणि फरश्या कोरड्या. रात्री तिथे दारूचे अड्डे भरतात म्हणे.

फोटो टाकते हळूहळू. प्रश्न विचारा.

मधलीआळी
वाचनखूण साठवली. इनोचं पाकीट उघडलं. फोटो टाका आधी, आणि नवऱ्याच्या गुडघ्याला आमचा नमस्कार सांगा, त्याच्यामुळे लेख मिळाला.

हिरवीमिरची
ताई, आम्ही पक्के शाकाहारी, अंडं चालतं. सासूबाई बरोबर. इटली म्हणजे पिझ्झा-पास्ता, काळजी नाही असं सगळे म्हणतात. खरंच?

पिशवीवाली
नाही, काळजी आहे. पार्मिज्यानो चीज वासराच्या पोटातल्या रेनेटनेच विरजतात, नियमातच आहे. दुसरं काही वापरलं तर त्याला ते नाव देता येत नाही. रोमच्या पेकोरिनोला कोकराचं. म्हशीच्या दुधाच्या अस्सल मोझ्झारेल्लालाही वासराचंच. बाजारातल्या चीजवाल्याला "काल्यो वेजेताले" विचारायचं, वनस्पतीजन्य विरजणाची चीजं असतात, तो वेगळी काढून देतो. हा बाजाराचा फायदा, हॉटेलात वाढप्याला हे ठाऊक असेलच असं नाही.
बोलोन्यात एका अक्षराची गंमत आहे. तॉर्तेल्लिनी छोटे आणि आत डुकराचं मांस. तॉर्तेल्लोनी मोठे आणि आत रिकोटा, पण त्यातही पार्मिज्यानो असतंच. त्या भागातल्या पियादिना नावाच्या पोळीत पारंपरिकरीत्या डुकराची चरबी असते, ऑलिव्ह तेलाची विचारून घ्यावी. पेस्तोतही चीज असतंच.
सासूबाई किती कडक आहेत त्यावर ठरवा. माझ्या आईला मी यातलं काही सांगितलं नसतं, असं इथे लिहून ठेवते.

तोरिनोकर
अकरा वर्षं तोरिनोत आहे, म्हणून चार पदरच्या गोष्टी.
वजन ग्रॅममध्ये मागू नका, एत्तोमध्ये मागा. एक एत्तो म्हणजे शंभर ग्रॅम. "दुए एत्ती" म्हटलं की दुकानदाराचा चेहराच बदलतो. आपल्याकडे कुणी "दोनशे पन्नास ग्रॅम भेंडी" म्हणालं तर भाजीवाली जशी बघेल तसं आहे ते.
रांग दिसत नसली तरी असते. गाळ्यापाशी गेल्यावर "की ए लूल्तिमो?" म्हणजे शेवटचं कोण, असं विचारायचं. कुणीतरी हात वर करतं. ते झालं की तुमचा नंबर, मधल्या वेळात खुशाल शेजारच्या गाळ्यावर जाऊन या. मी पहिलं वर्षभर ढकलाढकली समजून पुढे घुसत होतो. आजही एक आजी मला ओळख देत नाहीत.
हात न लावण्याबद्दल ताईंनी लिहिलंच आहे. सुपरमार्केटमध्ये उलटं, तिथे प्लास्टिकचा मोजा घालून आपणच निवडायचं आणि बहुतेक ठिकाणी वजन करून चिठ्ठी आपणच चिकटवायची. चिठ्ठी विसरलात की गल्ल्यावर तुमच्यामागची अख्खी रांग सुस्कारे टाकते.
आणि कृपया तोरिनोला या! पोर्ता पालात्सो हा युरोपातला सगळ्यात मोठा उघड्यावरचा बाजार. अष्टकोनी चौक भरून गाळे, पण थेट मागच्या छपराखाली जा, तिथे फक्त शेतकरी, आपापल्या मळ्यातलं घेऊन बसलेले. कुणाकडे चार जुड्या आणि डझनभर अंडी, एवढंच दुकान. हिवाळ्यात कार्दो नावाची वाकडी, पांढरी देठं मिळतात. ती जमिनीत वाकवून मातीने झाकतात म्हणून पांढरी आणि कुबडी होतात. लसूण आणि अँचोव्ही माशाच्या गरम तेलात बुडवून खायची. सोमवार ते शुक्रवार दुपारपर्यंत, शनिवारी संध्याकाळपर्यंत. स्थानिक, सावकाश रांधलेल्या अन्नाच्या ज्या स्लो फूड चळवळीबद्दल सगळे बोलतात तिची १९८६ सालची सुरुवातही इथून जवळच्या ब्रा गावातली, कार्लो पेत्रिनींची.
पानेल्लेचा भाऊ इकडे फारिनाता. मूळ जेनोवाचा. बेसन, पाणी, मीठ, ऑलिव्ह तेल, तांब्याच्या मोठ्या थाळीत लाकडाच्या भट्टीत भाजलेलं. कांदा-मिरची नसलेलं धिरडं समजा. आई आली होती तेव्हा तिने पर्समधून तिखट काढलं.

कडूकारलं
लेख छान. पण एक बोलू? पुण्यात आपण मंडईत जात नाही, दहा मिनिटांत भाजी दारात. इथल्या भाजीवालीशी पाच रुपयांवरून हुज्जत. आणि तिकिटं काढून इटलीत जाऊन भाजीवालीच्या फुकटच्या गाजराने डोळ्यांत पाणी. सोळा रात्रींत एक कोलोसियम बघितलं नाहीत!

पिशवीवाली
कारलेभाऊ, पाणी नाही आलं, खिचडी बिघडली एवढंच. बाकी तुमचं म्हणणं निम्मं खरं. मी मंडईत जाते, पण आठवड्यातून एकदा, आणि मधल्या दिवसांत मीही ते दहा मिनिटांचं बटण दाबते. हुज्जतही घालते. तिकडे घासाघीस करत नाहीत, पाटीवर भाव लिहिलेला असतो, त्यामुळे बोलणं भावाऐवजी "आज काय करणार?" यावर जातं. तो फरक मला जाणवला. कोलोसियम मात्र बघायचं राहिलं, त्याचं दुःख आहे. नवऱ्याला जास्त आहे. तो सध्या तुमच्याच बाजूने आहे.

शिलालेख
अवांतर आहे पण राहवत नाही. बाल्लारो या नावाची एक व्युत्पत्ती थेट आपल्या दारात येते. अरब भूगोलकार राष्ट्रकूट राजांना 'बल्हरा' म्हणत, वल्लभराजचा अपभ्रंश. राजधानी मान्यखेट म्हणजे त्यांचं 'मानकीर'. वेरूळचं कैलास लेणं खोदवणारं हेच घराणं. पालेर्मो ८३१ पासून १०७२ पर्यंत अरबांकडे होतं. दख्खनच्या त्या बल्हराच्या मुलखातून येणारे मसाले जिथे विकले जात तो बाजार बाल्लारो, असं काही जण मांडतात.

तोरिनोकर
शिलालेख, ऐकायला गोड आहे, पण जरा सांभाळून. दुसरं मत असं की मोनरेआलेजवळ बल्हरा नावाचंच गाव होतं आणि तिथले लोक माल घेऊन या बाजारात येत. दहाव्या शतकात पालेर्मोला आलेल्या इब्न हौकल या अरब प्रवाशाने त्या गावाचा उल्लेख केलाय. चाकणवरून कांदा येतो म्हणून चाकण ओटा, इतकं साधं असू शकतं.

शिलालेख
मान्य. पण मग त्या गावाला ते नाव कुणी दिलं? हा प्रश्न उरतोच.

तोरिनोकर
उरू दे.

मधलीआळी
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

दुधीभोपळा
माझं सदस्यनाम बघून कळेल मी का लिहितेय. आम्ही पालेर्मोला जुलैत गेलो होतो. भयंकर उकाडा, त्या महिन्यात कुणी जाऊ नका, पण कापो नावाच्या बाजारात मी जागच्या जागी थांबले. हातभर, नव्हे पुरुषभर लांब, फिकट हिरवे, बारीक दुधी! दुधीच तो, आपलाच, फक्त सापासारखा लांब. कुकुत्सा म्हणतात. आणि त्याच्या शेजारी त्याच वेलाच्या कोवळ्या पानांचे, शेंड्यांचे, तणाव्यांचे भारे. तेनेरुमी. आपण दुधी खातो आणि वेल गुरांना टाकतो, किमान आमच्याकडे तरी. ते लोक पाला चिरून, टोमॅटो-लसणीत शिजवून, त्यात मोडलेली स्पॅगेत्ती घालून रस्सा करतात. उन्हाळ्यात कोमट खायचा. मी घरी येऊन गच्चीवरच्या वेलाचे शेंडे खुडले. पानं थोडी लवदार असतात, नीट शिजवावी लागतात. सासरे म्हणाले, "पालाच खायचा तर मेथी काय वाईट?" पण दुसऱ्यांदा वाढून घेतलं.
अजून एक. टोमॅटोचा रस मीठ घालून लाकडी फळ्यांवर पसरतात आणि उन्हात आटवतात, हाताने सारखा फिरवत राहायचा, विटकरी लाल घट्ट गोळा होईस्तोवर. स्त्रात्तु. आमच्या घरमालकिणीच्या गच्चीत फळ्या मांडलेल्या होत्या आणि वर जाळी. मी न विचारताच कावळे हाकायला बसले.

पिशवीवाली
दुधीताई, हे मला आधी सांगायला काय झालं होतं? मे महिन्यात तिथे लोकाट होती, पिवळीधमक, डाग पडलेली. विक्रेता म्हणाला डाग असलेलीच घे, गोड असतात. तुमचे तेनेरुमी बघायचे तर आता जुलैत जावं लागेल. गुडघ्याशी बोलते.

निवृत्तीनंतर
फ्लॉरेन्स आणि रोमवाल्यांसाठी थोडं. फ्लॉरेन्सचा सान लोरेन्झोचा बाजार १८७४ सालचा, लोखंड आणि काचेचा, आराखडा जुझेप्पे मेंगोनीचा, ज्याने मिलानची प्रसिद्ध गॅलरी बांधली. आता वरचा मजला २०१४ पासून खाद्यदालन झालाय, रात्री बारापर्यंत गजबज, पण सगळे आपल्यासारखेच प्रवासी. खालचा मजला सकाळी अजून खरा आहे. त्यापेक्षा सान्ताम्ब्रोज्योचा छोटा बाजार गाठा, १८७३ सालचा, तिथे शेजारपाजारच्या बायका ढकलगाड्या घेऊन येतात.
हा सगळा काळच शहरांनी बाजार छपराखाली नेण्याचा. मुंबईचं क्रॉफर्ड मार्केट १८६९ चं, पुण्याची मंडई १८८६ ची. आमच्या मिसेसने फ्लॉरेन्सचं ते छत बघून "अगदी मंडई!" म्हटलं, ते उगीच नव्हे.
रोममध्ये काम्पो दे फियोरीवर वेळ घालवू नका, तिथे रंगीत पास्त्याच्या पिशव्या आणि लिंबू पिळायची यंत्रं उरली आहेत. तत्त्वज्ञ जोर्दानो ब्रूनोचा पुतळा बघा, १६०० साली त्याला तिथेच जाळलं, आणि पुढे चला. तेस्ताच्चोचा बाजार २०१२ पासून नव्या जागेत आहे, तो रोजच्या लोकांचा. आणि ज्यांना आठव्या दिवशी घरच्या जेवणाची आठवण अनावर होते त्यांनी स्टेशनजवळच्या एस्क्विलिनो बाजारात जावं. निम्मे गाळे बांगलादेशी मंडळींचे. भेंडी, कारली, कोथिंबीर, हिरवी मिरची. मी बंगाली येत नसताना हिंदीत भाव केला आणि इटलीत पहिल्यांदा घासाघीस झाली. फार बरं वाटलं.

कडूकारलं
कारली मिळतात म्हणताय? मग जाऊ या.

हिरवीमिरची
ताई, तिकिटं काढली! बोलोन्या सहा रात्री, तुमच्याच बाजाराजवळ घर मिळालं. सासूबाईंना चीजबद्दल सांगितलं, त्या म्हणाल्या "मी लोणचं घेते." १ जूनला रात्री पोचतोय, २ तारखेला सकाळी पहिल्यांदा तुमच्या त्या भाजीवाल्या बाईंकडेच जाणार. गाळा कुठल्या बाजूला?

पिशवीवाली
आत शिरल्यावर डावीकडे, दुसऱ्या ओळीत, पण थांब. २ जून त्यांचा प्रजासत्ताक दिन. सगळं बंद असणार. भडंग घेऊन जा.